आंतेकेरा नगराचा इतिहास : एक चिकित्सा

स्थलेतिहास हा प्रकार आपल्या वाचकांस नवा नाहीं. बखरी, कैफियती, शिलालेख व ताम्रपट ह्यांच्या आधारें एकेका गांवाचा पूर्ववृत्तान्त जुळविण्याचा उद्योग आपल्याकडे पुष्कळ झाला आहे व होतही आहे. परंतु आपल्या गांवाचा इतिहास लिहितांना आपल्या हातून कोणते दोष घडतात, हें पाहावयाचें असल्यास परक्या गांवाकडे पाहणें अधिक सोयीचें पडतें. कारण तेथें आपला अभिमान आडवा येत नाहीं. ह्या हेतूनें स्पेन देशांतील आंतेकेरा ह्या लहानशा नगराचा इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. केवळ त्या नगराचें वर्णन करणें हा आमचा उद्देश नव्हे. त्या नगराच्या भूतकाळाविषयीं ज्यांनीं ग्रंथ लिहिले, दगड रचले व कथा सांगितल्या, त्यांच्या म्हणण्याची पारख करणें हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

आंतेकेरा हें नगर दक्षिण स्पेनमधील आंदालुसिया प्रदेशांत, मालागा बंदराच्या उत्तरेस सुमारें पन्नास किलोमीटरांवर आहे. वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गांवाएवढी. ग्वादालोर्से नदीचें सुपीक खोरें पायथ्याशीं, दक्षिणेस एल तोर्काल नांवाचा चुनखडीचा झिजलेला डोंगर, व पूर्वेच्या अंगास सपाटींतून एकाएकीं वर उठलेला एक कडा. ग्रानादा, कोर्दोबा, सेव्हिल व मालागा ह्या चार मोठ्या शहरांच्या वाटा ह्या खोऱ्यांतून जातात. असें स्थान मनुष्याच्या नजरेस फार प्राचीन काळींच भरावें, ह्यांत नवल नाहीं.

त्या प्राचीन काळाची साक्ष गांवालगतच उभी आहे. मेंगा, विएरा व रोमेराल हीं तीन बृहदश्म-शवागारें, म्हणजे प्रचंड शिळांनीं बांधून वर मातीचा ढीग रचलेलीं स्मारकें, आंतेकेराची खरी कीर्ति होत. पैकीं मेंगा सर्वांत मोठें. कर्ब-१४ पद्धतीनें काढलेल्या कालमानावरून त्याची उभारणी इसवी सनापूर्वीं ३८०० ते ३६०० ह्या दरम्यान झाली असें ठरतें. त्याची लांबी सुमारें २७ मीटर असून त्यास ३२ मोठ्या शिळा लागल्या आहेत. छपराच्या सर्वांत मोठ्या शिळेचें वजन १५० टनांच्या घरांत जातें. ह्या शिळा सुमारें एक किलोमीटरावरील टेकडींतून काढलेल्या आहेत. ज्या लोकांपाशीं धातूचें हत्यार नव्हतें, त्यांनीं एवढा मऊ व ठिसूळ दगड न मोडतां आणून बसविला, ही गोष्ट कोणत्याही काळच्या स्थापत्यकारास मान खालीं घालावयास लावील.

विशेष असा कीं, मेंगाचें तोंड सूर्योदयाकडे नाहीं. त्या भागांतील बहुतेक बृहदश्म-शवागारें उगवतीच्या टापूंतील सूर्यास अनुसरून बांधलेलीं असतात, व शेजारचें विएरा विषुवदिनींच्या सूर्योदयाकडे पाहतें. परंतु मेंगाचा रोख वर सांगितलेल्या कड्याकडे आहे. ह्या कड्याच्या पायथ्याशीं नवाश्मयुगींन रंगचित्रें सांपडलीं आहेत. रोमेरालची रचना निराळी; त्यांत लहान दगडांचे थर आंत आंत सरकवीत घुमट साधला असून त्याचा रोख तोर्काल डोंगराकडे आहे. १५ जुलै २०१६ रोजीं युनेस्कोनें हीं तीन स्मारकें व त्यांसह तो कडा व तो डोंगर हीं दोन्ही नैसर्गिक स्थळें जागतिक वारशाच्या यादींत घातलीं. स्मारक व त्याचें लक्ष्य हीं एकत्र धरावयास पाहिजेत, हें तत्त्व त्यांत मान्य झालें. तें आम्हांस सर्वथा योग्य वाटतें.

येथवर वस्तुस्थिति झाली. आतां ह्या वस्तुस्थितीस लोकांनीं कोणकोणतीं नांवें दिलीं तें पाहूं. १८४२ सालीं क्रिस्तोबाल फेर्नांदेझ ह्यांचा, नगराच्या स्थापनेपासून १८०० पर्यंतचा इतिहास सांगणारा ग्रंथ मालागा येथें प्रसिद्ध झाला. स्थापनेपासून! जणूं नगर एके दिवशीं, एका मुहूर्तावर, एकाच्या हातें स्थापिलें गेलें. त्यानंतर पांचच वर्षांनीं, १८४७ मध्यें, राफाएल मित्हाना ह्या स्थापत्यकारानें मेंगाचें साक्षेपानें निरीक्षण करून एक निबंध छापला, व त्यांत त्या स्मारकास ‘द्रुइदांचें मंदिर’ ठरविलें. द्रुइद म्हणजे केल्ट लोकांचे पुरोहित. ते इतिहासांत दिसूं लागतात ते मेंगा उभें राहिल्यावर तीन हजारांहून अधिक वर्षांनीं. पुढें १९०३ मध्यें विएरा आडनांवाच्या दोघां बंधूंनीं दुसरें शवागार शोधून काढलें, त्यामागोमाग रोमेरालही उघडकीस आलें. आणि १९०५ मध्यें मानुएल गोमेझ-मोरेनो ह्या विख्यात पंडितानें ह्या तिन्ही वास्तूंवर लिहितांना त्यांस ‘तार्तेसी वास्तुकला’ म्हटलें. तार्तेसोस हें ग्रीक ग्रंथकारांनीं वर्णिलेलें दक्षिण स्पेनमधील संपन्न राज्य; परंतु त्याचा उत्कर्ष इसवी सनापूर्वींच्या पहिल्या सहस्रकांतला आहे.

ह्या दोघांस आज हंसणें सोपें आहे. तसें करण्याची आमची इच्छा नाहीं. कर्ब-१४ ची कसोटी त्यांच्या हातीं नव्हती. मित्हानानें त्या अंधाऱ्या विवरास मनुष्यकृति म्हणून ओळखून विद्वानांपुढें आणिलें, हें त्याचें ऋण मोठें आहे. गोमेझ-मोरेनो ह्यांनीं तिन्ही वास्तूंचा एकत्र विचार केला, तोही कायमचा लाभ होय. दोष मोजमापांत नव्हता, नामकरणांत होता. दोघांसही अज्ञात बांधणाऱ्यास अज्ञात राहूं देणें जड गेलें. ग्रंथांत ज्यांचें नांव आढळतें अशा एखाद्या प्रसिद्ध कुळाशीं त्या दगडांचा संबंध लावल्यावांचून त्यांचें समाधान होईना. आपल्याकडे कोठेंही कोरीव लेणें दिसलें कीं तें पांडवांचें ठरतें, त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, आपल्याकडे तें गुराखी सांगतो, व तेथें पंडितांनीं सांगितलें.

नगराच्या नांवाविषयींही हाच मोह दिसतो. रोमन काळीं ह्या गांवास अंतिकारिया असें म्हणत. प्राचीन ह्या अर्थाच्या ‘अंतीक्वुस’ ह्या लॅटिन शब्दावरून हें नांव आलें, व शवागारांचें प्राचीनत्व पाहून रोमन लोकांनीं तें दिलें, अशी उपपत्ति वारंवार सांगण्यांत येते. ती इतकी गोड आहे कीं खरी असावी असें वाटतें. परंतु शिलालेखांत ह्या नांवाचें वर्णलेखन पाहिलें तर त्यांत ‘क’ आहे, त्या लॅटिन शब्दांतील ‘क्व’ नाहीं. एवढ्यावरून उपपत्ति खोटी ठरते असें आम्ही म्हणत नाहीं. पण ती सिद्ध धरून तिच्यावर रोमन लोकांच्या पुराणवस्तुप्रेमाची माडी चढविणें अयुक्त होय. ज्यानें निरुक्त वाचलें आहे त्यास ही भूल चांगली परिचित असते. आम्हांसही प्रथम ‘अन्तिक’ हा संस्कृत शब्द आठवला होता व त्याचा अर्थ ‘जवळचें’ हा आहे! ध्वनि जुळला म्हणजे कुळी जुळली असें मानूं लागल्यास जगांतील कोणतेंही गांव आपल्या वाड्याच्या परसांत आणून ठेवतां येईल.

रोमन काळीं, फ्लावियन सम्राटांच्या अमदानींत, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धांत, अंतिकारियास नगरपालिकेचा दर्जा मिळाला. परंतु त्या परिसरांत तें एकच नगर नव्हतें. थोड्याच अंतरावर सिंगिलिया बार्बा हें दुसरें रोमन नगर होतें. नेस्कानिया हें तिसरें. १९५५ मध्यें आंतेकेराजवळील एका शेतांत पहिल्या शतकांतील एका युवकाची काशाची सुंदर मूर्ति सांपडली. ती ‘आंतेकेराचा युवक’ म्हणून आज नगराच्या संग्रहालयांत आहे. ती ज्या जागीं मिळाली तेथें गांवाबाहेरचा एक श्रीमंत वाडा होता. म्हणजे धन व कला एकट्या अंतिकारियाच्या तटांत सांठलेली नव्हती. ती सर्व खोऱ्यांत पसरलेली होती.

आतां जी वस्तु ह्या लेखाचें मुख्य निमित्त होय तिच्याकडे येऊं. १५८५ सालीं आंतेकेराच्या नगरसभेनें दुसरा फिलिप राजा ह्याच्या सन्मानार्थ किल्ल्याच्या वाटेवर एक कमान उभारिली. तिला ‘महाकायांची कमान’ असें म्हणतात. ह्या कमानींत आसपासच्या उध्वस्त नगरांतून गोळा केलेले रोमन शिलालेख बसविण्यांत आले. अंतिकारियाचे होते तसेच सिंगिलियाचे व नेस्कानियाचेही होते. शिलालेख सर्व लोकांनीं पाहावे म्हणून उघड्यावर मांडण्याचा युरोपांतील हा अगदीं आरंभींचा प्रयत्न आहे, व त्याबद्दल त्या नगरसभेची जेवढी स्तुति करावी तेवढी थोडी. ज्या शतकांत जुना घडीव दगड म्हणजे चुन्याच्या भट्टीचें भक्ष्य असे, त्या शतकांत एका लहान नगरानें अक्षरांसाठीं दगड वांचविला.

तथापि स्तुति करून झाल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दगड वांचला, पण त्याची जागा गेली. जो लेख सिंगिलियाच्या चौकांत तेथल्या नागरिकांनीं तेथल्या एका पुढाऱ्यासाठीं उभारला होता, तो आंतेकेराच्या वेशींत बसतांच आंतेकेराच्या थोरवीचा पुरावा झाला. वाटसरूनें कमान पाहावी व म्हणावें कीं हें नगर केवढें पुरातन! लेखांतील अक्षरें ‘सिंगिलिया’ म्हणत होतीं. कमान मात्र ‘आंतेकेरा’ म्हणत होती. शेजारचें नगर ओस पडलें, त्याची वाचा राहिली, आणि ती वाचाही ह्या नगराच्या नांवें लागली. हें कपट नव्हतें. आपल्या पूर्वजांचा शोध घेणाऱ्या भाविक मनाचा तो सहज व्यवहार होता. म्हणूनच तो अधिक विचार करण्याजोगा आहे. एमिल ह्युब्नर ह्यानें स्पेनमधील लॅटिन लेखांचा जो संग्रह १८६९ मध्यें प्रसिद्ध केला, तशा कामांत प्रत्येक लेखाचें मूळ स्थान कोणतें, हा प्रश्न दरवेळीं विचारावा लागतो. दगड आज कोठें आहे हें पुरेसें नसतें. ताम्रपट सावकाराच्या पेटींत सांपडला म्हणजे दान त्या सावकाराच्या गांवचें ठरत नाहीं, हें आपल्या संशोधकांस वेगळें सांगावयास नको.

दगडांचें जें झालें तेंच मनुष्यांचेंही झालें. रोमनांनंतर कांहीं शतकांनीं ह्या नगरावर मुसलमानांची सत्ता आली. त्याचें नांव मदीना अंतकीरा झालें. सुमारें सातशें वर्षें हें नगर अरबी बोलणाऱ्यांचें होतें. १४१० च्या सप्टेंबर महिन्यांत, कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर, कास्तीलचा राजप्रतिनिधि फेर्नांदो ह्यानें तें जिंकलें. ह्या विजयानें त्यास ‘आंतेकेराचा फेर्नांदो’ हें नांव मिळालें, व १४१२ मध्यें तो आरागोनचा राजा निवडला गेला. जिंकलेल्या नगराच्या रहिवाशांस घरदार सोडून जावें लागलें. ते ग्रानादा येथें जाऊन राहिले, व ज्या भागांत ते वसले त्या भागास ‘आंतेकेरुएला’, म्हणजे धाकटें आंतेकेरा, असें नांव पडलें. तें नांव ग्रानादांत आजही चालू आहे.

आमच्या मतें आंतेकेराच्या इतिहासाची खरी कसोटी येथें लागते. नगर म्हणजे जागा, कीं नगर म्हणजे माणसें? जागा असें म्हटलें तर इतिहास १४१० नंतर त्याच टेकडीवर पुढें चालतो. माणसें असें म्हटलें तर तो दुसऱ्या दिवशीं ग्रानादाच्या वाटेस लागतो. नव्या वस्तीनें लिहिलेल्या वृत्तान्तांत ह्या घटनेचें वर्णन नगर परत मिळालें, म्हणजे स्वगृहीं आलें, अशा थाटाचें असतें. परंतु जे परत आले म्हणतां, त्यांपैकीं कोणाचा आजाही तेथें राहिला नव्हता. आणि जे गेले, त्यांचे पणजे-खापरपणजे तेथील मातींत होते. स्पॅनिश भाषेंत ‘आंतेकेरावरून सूर्य उगवो’ अशी एक म्हण आहे; होईल तें होवो, हा तिचा भावार्थ. ग्रानादाहून पाहतां आंतेकेरा पश्चिमेस पडतें. धाकट्या आंतेकेराच्या वस्तीस आपलें जुनें गांव मावळतीकडेच होतें.

जेत्यांच्या कथेंत ह्या दुःखास जागा अगदींच नाहीं असें नव्हे. पण ती जागा रम्य करून दिलेली आहे. आंतेकेराचा पहिला ख्रिस्ती किल्लेदार रोद्रिगो दे नार्वाएझ हा सोळाव्या शतकांतील ‘अबेन्सेर्राहे’ नांवाच्या एका निनांवी कादंबरिकेचा उदार नायक आहे. तो एका मुसलमान वीरास पकडतो व त्याची प्रेमकथा ऐकून त्यास सोडतो. कथा सुंदर आहे. पण तींत नार्वाएझ हा आलोराचाही किल्लेदार आहे. आणि खरा नार्वाएझ १४२४ मध्यें वारला, तर आलोरा कास्तीलच्या हातीं आलें १४८४ मध्यें. साठ वर्षांचें हें अंतर ललित कथेस क्षम्य आहे. कथेवरून त्या काळच्या सरहद्दीवरील सौजन्याचा इतिहास रचणाऱ्यास तें क्षम्य नाहीं. त्याचप्रमाणें मेंगा ज्या कड्याकडे पाहतें, त्यावरून एका ख्रिस्ती तरुणानें व मुसलमान तरुणीनें पाठलाग होत असतां एकत्र उडी घातली, अशी आख्यायिका पंधराव्या शतकांत लोरेन्झो वाल्ला ह्या इटालियन पंडितानें फेर्नांदोच्या चरित्रांत सांगितली. तेव्हांपासून तो ‘प्रेमिकांचा कडा’ आहे. ज्या कड्यानें सहा हजार वर्षांपूर्वींच्या लोकांचें चित्त वेधलें, त्यालाही ह्या पांचशें वर्षांच्या कथेनें नवें बारसें केलें.

मग अखंड असें कांहींच नाहीं काय? आहे, पण तें वंशावळींत नाहीं. सोळाव्या शतकाच्या आरंभीं येथील मुख्य देवालयास लागून लॅटिन व्याकरणाची एक अध्यापनपीठिका निघाली. हुआन दे विल्चेस ह्यासारखे पंतोजी तेथें शिकवीत. तिच्या छायेंत कवींची एक पिढी वाढली, आणि १५७८ मध्यें येथें जन्मलेल्या पेद्रो एस्पिनोसानें १६०५ मध्यें समकालीन कवींचा जो निवडक संग्रह छापविला तो स्पॅनिश वाङ्मयांत मान्यता पावला. ह्या मुलांस लॅटिन त्यांच्या आजोबांकडून आलें नव्हतें. तें त्यांनीं घोकून मिळविलें होतें. कमानीवरील लेखांवर त्यांचा कांहीं हक्क असेल तर तो रक्ताचा नव्हे, वाचण्याचा. जुन्या मास्तरास ही गोष्ट विशेष गोड वाटली तर वाचक क्षमा करतील.

दुसरें उदाहरण ह्याहूनही बोलकें आहे. मेंगाच्या प्रवेशाशीं दोन मनुष्यांचीं दफनें सांपडलीं. तीं नवाश्मयुगींचीं नव्हत. आठव्या ते अकराव्या शतकांतील आहेत. मुख आग्नेयीस. हें मुसलमानी रीतीशीं जुळतें. पण त्यांची मांडणी शवागाराच्या मध्यरेषेसही धरून आहे. म्हणजे स्मारक बांधल्यानंतर साडेचार हजार वर्षांनीं निराळ्या धर्माच्या, निराळ्या भाषेच्या कोणीतरी आपले मृत त्याच दारीं निजविले. त्यांनीं आपणांस त्या बांधणाऱ्यांचे वंशज म्हटलें असेल असें मानण्यास आधार नाहीं. त्यांनीं त्यास द्रुइदांचेंही म्हटलें नाहीं. त्या जागेचा मान मात्र राखिला. आमच्या दृष्टीनें आंतेकेराच्या सर्व वारसांत हे दोघे सर्वांत प्रामाणिक होत.

आतां एक गोष्ट कबूल करणें प्राप्त आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं, आम्ही ज्या गांवीं शिक्षक होतों तेथील शाळेच्या रौप्यमहोत्सवासाठीं आम्हीं त्या गांवाचा एक छोटा इतिहास लिहून दिला. त्यांत गांवाचें नांव एका पुराणप्रसिद्ध ऋषीच्या नांवावरून व्युत्पन्न केलें होतें, आधार ध्वनिसाम्याचा. शेजारच्या ओसाड पांढरींतून आणून देवळाच्या ओट्यास लाविलेला एक वीरगळ आमच्या गांवच्या शौर्याची साक्ष म्हणून नोंदविला होता. आणि गांवांत जी विणकरांची पेठ होती, जेथील बहुतेक मोमीन कुटुंबें एका पिढीपूर्वीं उठून गेलीं होतीं, तिच्याविषयीं एकही ओळ नव्हती. राहिलेल्या दोन-तीन घरांपैकीं एका घरचा मुलगा आमच्या वर्गांत होता. पुस्तिका वाचून त्यानें विचारलें, “गुरुजी, आमची पेठ ह्यांत कां नाहीं?” जागा पुरली नाहीं, असें आम्हीं सांगितलें. तें खरें नव्हतें. जागा पुष्कळ होती. ती ऋषीस दिली होती. मित्हाना व कमानीचे रचनाकार ह्यांच्यावर आम्ही येथें जी टीका केली, ती ह्या अनुभवानंतरच करण्याचें धाडस आम्हांस झालें.

तात्पर्य इतकेंच कीं, प्रागितिहासापासून आजवरचा असा नगराचा इतिहास लिहिणाऱ्यानें तीन पथ्यें पाळावीं. ज्याचें नांव कळत नाहीं त्यास उसनें नांव देऊं नये. ज्या दगडाची जागा दुसरी आहे त्याची जागा सांगावी, मग आपली वेस कमी उंच दिसली तरी चालेल. आणि जेथें माणसें बदललीं तेथें तसें लिहावें. गेलेले कोठें गेले, तेंही शक्य तर लिहावें. ही पथ्यें पाळल्यानें आंतेकेराचें कांहीं उणें होत नाहीं. त्याच्या हद्दींत सहा हजार वर्षांचीं शवागारें आहेत, कमान आहे, कमानींत परक्या नगरांचे लेख आहेत, आणि त्याच्या नांवाची एक पेठ ग्रानादांत आहे. हें सर्व जसें आहे तसें मांडणारा इतिहासच त्या नगराचा म्हणतां येईल.